उलट बाजूचा दोरा

कुणाचं वाईट झालं तर शिवणमावशीला वाईट वाटायचं, हे खरं. पण कुणाचं चांगलं झालं की तिच्या पोटात दुखायचं, हे त्याहून खरं. दुखणं जन्माचंच. लहानपणी थोरल्या बहिणीला नवा झगा शिवला, तेव्हा ही दोन दिवस धड जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच झग्याची बाही उसवून आईपुढं नाचवली, "बघ, शिवण किती कच्ची!" आईनं पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "उसवलीस ना? आता तूच शीव." तिथून हातात सुई आली ती आलीच. पुढं लग्न झालं, जाऊबाईचं भरतकाम लोक वाखाणू लागले, म्हणून हिनं भरतकाम उचललं. शेजारणीनं मशीन घेतलं म्हणून हिनं मशीन घेतलं. "हेवा नसता तर ही बाई साधं बटण लावायला शिकली नसती," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. नवरा जन्मभर बस चालवून घरी बसलेला. खुर्चीत बसला तरी उजवा पाय ब्रेकवर असायचा. बायको तापली की तो नुसता पाय दाबायचा.

मावशीचं दुकान म्हणजे कुलूपवाला आणि औषधवाला यांच्यामधली एक फट. आत एक मशीन, एक स्टूल, इस्त्रीचं टेबल आणि भिंतभर दोऱ्याची रिळं. नवे कपडे ती शिवायची नाही. लोकांचे आयते कपडे कमी-जास्त करून द्यायची. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं बसलं, कुणाच्या पोराचे पाय वीतभर वाढले, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं.

अशीच एकदा पीटीच्या सरांची पॅन्ट आली. सर शाळेतून निवृत्त झालेले; पण शिट्टी गळ्यातून काही उतरली नव्हती. आगीच्या बंबाच्या ठाण्यावर जो मोठा हॉल आहे, तिथं त्यांनी चौदा ते अठरा वयाच्या पोरापोरींचा एक गट जमवला होता. बुधवारी आणि शनिवारी तेवीस पोरं जमायची. कधी नाला साफ कर, कधी वाचनालयाची पुस्तकं पुसून लाव, कधी वृद्धाश्रमातल्या गाद्या गच्चीवर वाळत घाल, असली कामं. पॅन्टचा काठ दुमडण्याआधी मावशीनं नेहमीप्रमाणे खिसे उलटे केले, तर आतून अठरा चिठोरी निघाली. बसची तिकिटं, औषधाची पाकिटं, वर्तमानपत्राचे कोपरे, आणि सगळ्यांवर बारीक बारीक खुणा.

"हे काय हो सर?"

"हजेरी आहे ती. टाकू नका."

"ही हजेरी? मला वाटलं कचऱ्याची टोपली पायात घालून फिरता."

सर ओशाळले. "वही केली होती. ती हरवली. मग दुसरी केली. ती पहिलीच्या शोधात हरवली."

मावशी हसली नाही. तिनं ती चिठोरी मशीनवर मांडली आणि बराच वेळ बघत राहिली. पुढच्या शनिवारी ती हॉलवर गेली ती काखेत मांजरपाटाचा ताग्याएवढा गुंडाळा घेऊन. त्याचाच हजेरीपट झाला.

पट असा होता. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत तेवीस बटणं, एकासारखं दुसरं नाही. प्रत्येक बटण एका पोराचं. पोरांनी आपापलं बटण निवडायचं आणि आपापला रंगही. वरच्या काठाला एकेका कामाचं चित्र ठिगळासारखं लावलेलं: नाल्यासाठी फावडं, वाचनालयासाठी पुस्तक, गाद्यांसाठी गादी. बटणापासून पोराचा दोरा आडवा निघायचा आणि एकेका चित्राखालून पुढं सरकायचा. काम झालं की सर चिठोरं द्यायचे आणि मावशी टाका घालायची. पोरगं आलं असेल तर टाका सुलट बाजूला, डोळ्याला दिसेल असा. आलं नसेल तर दोरा कापडाच्या पोटातून, उलट बाजूनं. म्हणजे समोर उभं राहिलं की कोण किती वेळा आलं ते टाके मोजून कळायचं. टाका घातला की मावशी त्याच चिठोऱ्याला हात पुसून ते फेकून द्यायची. पट असताना कागद कशाला?

पोरांच्या तोंडी तर भाषाच बदलली. "शनिवारी तू वर का खाली?" "खाली रे, ताप होता." एकाची आजी वारली तेव्हा तो सरांना म्हणाला, "सर, मी दोन वेळा खाली जाईन," आणि सरांना आधी भलतंच वाटलं.

दाराच्या समोरच्या भिंतीवर पट लागला. येणारा जाणारा थांबून बघायचा. बंबावरचे जवान जेवण झाल्यावर वर येऊन दोऱ्यांवर पैजा लावायचे. मावशीचा नियम एकच, "हात लावायचा नाही. घाम लागतो." अपवाद फक्त भिंगरीचा. ती पोरगी एका जागी कधी टिकायची नाही म्हणून हे नाव. डाळिंबी रंगाचा दोरा तिचा. शाळा सुटली की ती दुकानात यायची, मावशीला सुया ओवून द्यायची आणि तोंडानं जगभरच्या बातम्या ओतायची. पाण्याचं तिला वेड. नदीत बुडणाऱ्याला कसं काढतात हे ती इस्त्रीच्या टेबलावर पालथी पडून दाखवायची.

"उतर खाली! लोकांची कापडं आहेत ती."

"बुडत्याला कापडाचं काय, मावशी?"

दीड वर्ष असं बरं गेलं. मग आली पाटीवाली.

पाटीवाली म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारी. तिशीची, केस वर बांधून त्यात ब्रश खोचलेला, आणि सदा हसतमुख. बागेतली बाकं रंगवायची होती म्हणून सरांनी तिला बोलावलं. ती आली आणि गेलीच नाही. महिन्याभरात तिनं हॉलवर एक फळी आणली. फळीवर खिळ्यांच्या रांगा आणि शेजारी डबाभर लाकडी चकत्या. प्रत्येक पोरानं आपल्या चकत्या आपणच रंगवायच्या. काम करून आलं की आपल्या हातानं एक चकती खिळ्याला अडकवायची. टक्! बस, हजेरी लागली.

टक्, टक्, टक्. बुधवारी तो आवाज मावशीला जिन्यातच ऐकू आला. वर येऊन बघते तर दाराच्या समोरच्या भिंतीवर फळी आणि पट बाजूला, झाडूच्या कपाटावर.

"मावशी, फळी जड आहे हो," सर म्हणाले. "पक्की भिंत तेवढी एकच. पट काय, हलका आहे."

"हो ना. हलकाच आहे," मावशी म्हणाली.

पाटीवाली पुढं आली. "मावशी, तुमचा पट म्हणजे काय काम आहे! मी आपली लाकडं टांगलीत. तुमच्यासारखं मला सात जन्मात जमायचं नाही."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर उलट चार देता आल्या असत्या. कौतुकाला काय उत्तर देणार? घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मी हलकी आहे?"

नवऱ्यानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ब्रेक दाबला.

पट बंद झाला नव्हता. सर चिठोरी देत होते, मावशी टाके घालत होती. पण बघणारं कुणी उरलं नव्हतं. पोरं धावत वर यायची ती थेट फळीकडं. कुणी चकतीवर मांजर काढलं, कुणी स्वतःचं नाक. आणि भिंगरी दुकानात येईनाशी झाली. एकदा रस्त्यात दिसली. कानाच्या पाळीला निळा रंग, हातात ब्रशांचा जुडगा.

"मावशी, मला अक्षर काढता येतं आता! सावलीसकट!"

"सावलीत बस मग," मावशी म्हणाली. पोरीला काही कळलं नाही. ती हसून पळाली.

मावशी दुकानात आली आणि सुई ओवायला बसली. दोरा चाटला, टोक पिळलं, डोळा बारीक केला. सातव्या वेळी ओवला गेला. औषधवाल्याकडं गिऱ्हाईक होतं, कुलूपवाला कानस घासत होता, आणि मशीनवर सरांचं चिठोरं पडलं होतं, बागेतली उरलेली बाकं रंगवण्याच्या दिवसाचं. भिंगरीच्या नावापुढं खूण होती. मावशीनं डाळिंबी दोरा हातात घेतला. ‘ही कसली हजेरी?’ ती मनाशी म्हणाली. ‘दिवसभर त्या बयेचे ब्रश धूत बसली. सर म्हणतात आली. मी म्हणते, आमच्याकडं कुठं आली?’ आणि सुई कापडाच्या पोटात घालून तिनं पुढच्या चित्रापाशी वर काढली. डाळिंबी दोरा उलट बाजूनं गेला. सुलट बाजूला मोकळं कापड राहिलं, बोटाच्या पेराएवढं.

कुणाला दिसलं नाही. बघतंय कोण! मावशीला मात्र तेवढ्यानं गार वाटलं, चटका बसलेल्या बोटाला पाणी लागावं तसं. मग गाद्या वाळवायच्या दिवशी तिनं तेच केलं. जुन्या सायकली दुरुस्त करायच्या दिवशीही तेच. तीन वेळा. तीन चिठोऱ्यांना तिनं हात पुसले आणि ती फेकून दिली. चौथ्या वेळी तिचा तिलाच कंटाळा आला आणि तिनं टाका सरळ घातला. मागचे तीन काही उसवले नाहीत.

पुढं एका बुधवारी सर पत्र नाचवत आले. नदीवरच्या बचावपथकाचं तीन आठवड्यांचं शिबिर होतं. होडी चालवायची, बुडत्याला काढायचं, सगळं शिकवणार. प्रत्येक गटातून एकच जण. "ज्याची दोन वर्षांत सगळ्यांत जास्त हजेरी, तो जाईल," सर म्हणाले. "शनिवारी मोजू." भिंगरी जागच्या जागी तीनदा फिरली.

शनिवारी मावशी हॉलवर पोचली तेव्हा आत स्मशानशांतता होती. पोरांनी आत चेंडू खेळला होता. चेंडू फळीवर बसला, वरचा खिळा निघाला आणि फळी धाडकन खाली आली होती. फरशीभर चकत्या. पोरं गुडघ्यांवर बसून गोळा करत होती. त्यात बोका नावाचं एक गोलमटोल पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "सर, माझ्या दहा जास्त आहेत. गंमत म्हणून लावल्या होत्या."

"माझ्या चार," दुसरा हळूच म्हणाला.

सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि न वाजवताच काढली. "शिवाय फळीवर मागच्या वर्षाचं काहीच नाही. चकत्यांचा भरवसा संपला. पट उतरवा कपाटावरून. इथं लावा, समोर. आता पट सांगेल तेच खरं."

मावशीच्या कानांना ते ऐकून असं गोड वाटलं, की तिनं पाटीवालीकडं वळून एकदा मनसोक्त बघून घेतलं. पाटीवाली स्वतः स्टुलावर चढून पटाचा कोपरा भिंतीला ठोकत होती आणि म्हणत होती, "मी म्हटलंच होतं, पटाला तोड नाही." मावशीनं पदर सारखा केला आणि पटाशेजारी जाऊन उभी राहिली, लग्नात वरमाय उभी राहावी तशी.

सर बोट टेकवत मोजू लागले. खरी चुरस दोघांतच होती, लंबू आणि भिंगरी. लंबू म्हणजे सहा फुटी काडी, हिरवा दोरा त्याचा.

"लंबू, एकसष्ट."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर डाळिंबी दोऱ्यावर आले. मावशीच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. साठ-साठ टाके असतात, त्यांत तीन कुणाला दिसतात, असं ती धरून चालली होती. शनिवारी मोजतील ते चकत्याच, टाके मोजायची वेळ येईल हे तिच्या ध्यानातच नव्हतं. सरांचं बोट सरकत होतं. मावशी मनात मोजत होती, आणि तिला शेवट आधीच माहीत होता.

"भिंगरी, एकोणसाठ."

पोरगी जागच्या जागी थांबली. तिला थांबलेली कुणी पाहिली नव्हती. "एकोणसाठ? मला वाटलं..." ती पटाजवळ आली. हात मागं बांधून, कारण हात लावायचा नाही. "बाकांच्या दिवशी खाली?"

"होती की ती!" पाटीवाली म्हणाली. "माझ्याबरोबरच होती. ब्रश तिनंच धुतले."

"ताई हिची बाजू घेणारच," लंबू पुटपुटला.

सर मावशीकडं वळले. "मावशी, तुम्हीच सांगा. पट चुकतो का?"

हा प्रश्न तिला चारचौघांत, या भिंतीपुढं, त्या बाईच्या देखत कुणी विचारावा म्हणून ती सहा महिने तळमळत होती. उत्तर ओठांवर तयार होतं. तेवढ्यात भिंगरीच बोलली. "नाही सर, मावशीचा पट चुकत नाही. मी उशिरा आले होते त्या दिवशी. धरलं नसेल. आणि गाद्या... त्या बहुतेक मागच्या वर्षीच्या आठवतात मला. जाऊ दे. पट सांगतो तसंच असेल."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पोरगी खोटं पाडत होती, पण मावशीचा टाका खोटा म्हणत नव्हती.

"पट चुकत नाही," मावशी म्हणाली. "मी चुकवला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तीन टाके मी खाली घातलेत हिचे. बाकं, गाद्या आणि सायकली. चिठोऱ्यावर खूण होती. बघून घातलेत."

सर म्हणाले, "पण का?"

"जळले म्हणून."

"कुणावर?"

मावशीनं हनुवटीनं पाटीवालीकडं दाखवलं. पाटीवालीनं मागं वळून पाहिलं, मागं कुणी उभं आहे की काय म्हणून. मागं नुसतं झाडूचं कपाट होतं. "माझ्यावर?"

"नाही, कपाटावर!" मावशी खेकसली. "माझी भिंत घेतलीस. पोरं घेतलीस. वर गोड बोललीस."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल एकदम बोलू लागला. "मग मार्चमध्ये मी खाली कसा? मी होतो!" "माझं फावडं पण तपासा!" तेवीस पोरं, तेवीस वकील. मावशी शपथ घेऊन सांगत होती, की बाकी एकही टाका खोटा नाही, पण आता तिचं कोण ऐकणार? दोन वर्षांचा विश्वास, एका वाक्यात चिंध्या. सरांनी शिट्टी वाजवली तेव्हा कुठं शांत झालं.

"लंबू," सर म्हणाले, "सायकलींच्या दिवशी भिंगरी होती का?"

लंबूनं आधी खुर्चीला लाथ घातली. मग म्हणाला, "होती. पाना माझ्या पायावर हिनंच पाडला. नख अजून काळं आहे." आणि बूट काढून दाखवायला लागला. बाकं आणि गाद्यांबद्दल आणखी दोघा-तिघांनी सांगितलं. एकोणसाठ आणि तीन, बासष्ट. शिबिर भिंगरीचं झालं.

तिनं उडी मारली नाही की गिरकी घेतली नाही. मावशीपुढं येऊन नुसता हात पसरला. "सुई."

"दे, मीच घालते..."

"सुई द्या."

आजवर ती मावशीला ‘तू’ म्हणायची. मावशीनं डाळिंबी दोरा ओवायला घेतला. पण तो नेढ्यात जाईना. पोरीनं सुई काढून घेतली, स्वतः ओवली आणि तीन टाके घातले. एक लांब, एक आखूड, एकाची गाठ सुलट बाजूलाच. मांजरपाट आखडला. मावशीनं जीभ दातांखाली धरून ठेवली.

सरांनी पट भिंतीवरच ठेवला. पण तेव्हापासून नियम नवा झाला. ज्याचा दोरा त्याची सुई. मावशीनं जवळ बसायचं, दोरा अडकला तर सांगायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. फळी पुन्हा उभी राहिली नाही. पाटीवालीनंच ती बागेत नेऊन तिचा फलक केला. त्याचाही मावशीला राग आला. भांडायला काही ठेवलंच नाही बाईनं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं. "मग आता जळणं बंद?"

"बंद कसं होईल? स्वभाव आहे, नळ आहे का?"

भिंगरी शिबिराला गेली ती दुकानावर न येताच. बुधवारी मावशी हॉलवर जाऊन बसली. पोरं रांगेनं सुया घेऊन उभी. टाके असे पडत होते, की वेडी कोंबडी चिखलातून चालत गेली म्हणावं. बोका तर दोरा तोंडात धरून शिवत होता. पाटीवालीनंही एक बटण आणि राखाडी दोरा घेतला होता. पहिल्याच टाक्याला तिच्या बोटात सुई घुसली. "आई गं!" मावशीनं तिला चिंधी दिली, बोट कसं दाबून धरायचं ते सांगितलं आणि मनातून तिला फार बरं वाटलं.

डाळिंबी दोऱ्यापाशी सगळे अडले.

"भिंगरी शिबिराला गेली. मग ती वर का खाली?"

"इथं नाही म्हणजे खाली!" लंबू म्हणाला. त्याचं नख अजून काळं होतं.

"अरे पण गटाच्याच कामाला गेली आहे ना?"

"मावशी, तुम्ही सांगा."

मावशीनं घसा साफ केला. बोलावं की नाही? आपण कुणाचा टाका वर घालायला सांगावा अशी आता आपली पत आहे का? एवढा विचार तिनं केला, आणि तेवढ्यात बोट चोखत पाटीवाली म्हणाली, "वर! वरच घालायचा. नदीवर जाऊन माणसं वाचवायला शिकते आहे पोरगी."

"वर!" सगळी पोरं ओरडली. "ताई म्हणतात तेच बरोबर!"

"हेच मी म्हणणार होते," मावशी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिनं आणखी एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग डाळिंबी दोरा ओवून सुई लंबूच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, "आणि सरळ घाल रे. कोंबडीसारखा नको."